तांब्याचा साज

माझ्या घरमालकांकडे कुणी पाना मागायला आलं तर पाना मिळत नसे, घरमालक मिळत. पाना पिशवीत घालून, पायांत चपला सरकवून ते मागणाऱ्याच्या मागोमाग निघत. मागणाऱ्याला फक्त सायकलचं चाक आवळायचं असे. पण यांचं म्हणणं, हत्यार उसनं दिलं की ते दुसऱ्याच्या हाताचं वळण घेऊन परत येतं आणि मग आपलं ऐकत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाचा नळ गळो, कुणाचा पाळणा कुरकुरो, हत्यारासकट आबा हजर. एकदा समोरच्या घरी हळदीच्या दिवशी मांडवाचा एक बोल्ट आवळायला म्हणून गेले, आणि नेमका तेव्हाच फोटोग्राफरनं फोटो काढला. त्या घरच्या अल्बममध्ये पिवळ्याधमक नवरीच्या मागं, हातात पाना धरून, फोटोसाठी मुद्दाम ताठ झालेले आबा अजून उभे आहेत.

आबा हे त्यांचं नाव नव्हे. अख्खी गल्ली त्यांना आबा म्हणायची, मीही म्हणू लागले. मी चंदगडकडची. कोल्हापुरात एका शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली आणि मंगळवार पेठेत आबांच्या माडीवरची खोली भाड्यानं मिळाली. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. घरापासून लांब राहायची ती माझी पहिलीच वेळ. खाली आबा आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे मावशी, वर मी. त्यांची मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला गेलेली. पहिल्याच आठवड्यात मावशींनी सांगितलं की एकटीसाठी स्टोव्ह पेटवत बसू नकोस, आणि माझं रात्रीचं ताट खालीच लागू लागलं.

आबा कागलच्या बाजूला एका साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन आले तरी कारखाना त्यांच्या अंगातून गेलेला नव्हता. दिवाळीनंतरच्या दिवसांना ते हंगाम म्हणत आणि हंगाम सुरू झाला की उगाचच भराभरा जेवत. उन्हाळा सरला की दुरुस्तीचे दिवस. मग ते घरातलं सगळं खोलून ठेवत. शिवणयंत्र, पंखा, मावशींचा मिक्सर. मावशी म्हणायच्या, ह्यांच्या दुरुस्तीच्या दिवसांत मी पाट्यावर वाटतो. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखं ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. मावशींच्या तोंडी ते फार शोभायचं. उंच, हाडापेरानं मोठी बाई, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाला थांबायचा.

हत्यारांबद्दल आबा माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. एक कानस त्यांच्या मते आळशी होती. एक हातोडी तापट. बाजारातून नवीन स्क्रूड्रायव्हर आणला तर तो आठवडाभर नुसता खिशात घेऊन फिरत, ओळख व्हावी म्हणून. आणि त्यांचा एक कायदा होता, जो मला आजही दुकानात उभी असताना आठवतो: ज्याचं काम अजून आलं नाही ते हत्यार घरात आणायचं नाही. ते रिकामं बसतं आणि बाकीच्यांना बिघडवतं.

साजाची गोष्ट त्यांनी मला सरळ सांगितली नाही. एका रविवारी मी गच्चीवर कागद पसरून बसले होते. आबा आले, पाठीमागं हात बांधून उभे राहिले आणि मला चंद्र काढता येतो का, असं विचारलं. मी काढला. मग मासा. मग कासव, शंख, बेलपान. भुंगा काढताना माझ्या लक्षात आलं की ही सगळी कोल्हापुरी साजाची पानं आहेत. आमच्या भागात लग्नाच्या बाईच्या गळ्यात साज असावा अशी प्रत्येक घरची इच्छा असते. गोल मण्यांच्या मधूनमधून लाख भरलेली ही नक्षीची पानं ओवलेली असतात, प्रत्येक पानाचा आकार वेगळा. मी विचारलं, कुणासाठी करवून घ्यायचाय का. आबा म्हणाले, करवून न्हाय.

मावशींना लग्नात साज घातलेला होता. पुढं एक वर्ष कारखाना बंद राहिला, आणि तो साज मोडावा लागला. मावशींनी स्वतःच्या हातानं गळ्यातून काढून रुमालात बांधून दिला. आबा तो घेऊन सोनारांच्या गुजरीत गेले आणि रिकामा रुमाल घेऊन परत आले. त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलले नव्हते. निवृत्त झाल्यावर मुलीनं सुचवलं की आता आईला गुजरीतून एक तयार साज आणा. आबांनी नाही म्हटलं.

‘‘मोडायला मीच घिऊन गेलतो,’’ ते मला म्हणाले. ‘‘आता करनार बी मीच.’’

साठी उलटलेला माणूस. आयुष्यभर मनगटाएवढे नट आवळलेले. हाताचा पंजा असा की चहाचा कप त्यात दिसायचा नाही. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग म्हणाले की मोठं लोखंड काय आणि बारीक सोनं काय, दोघांना ऐकायला लावायचं असतं, आवाज फक्त कमी करायचा.

पुढच्या शनिवारी, शाळा सकाळची असल्यामुळं, मी त्यांच्याबरोबर गुजरीत गेले. गुजरी म्हणजे सोन्याचांदीच्या दुकानांचा रस्ता, पण आम्हाला जायचं होतं त्याच्या मागच्या बोळात, जिथं सोनारकामाची हत्यारं विकणारं एक दुकान होतं. दुकान म्हणजे भिंतीतलं मोठं कपाटच. छताला पकडी आणि कात्र्या टांगलेल्या, खाली सोनं वितळवायच्या मातीच्या मुशी एकात एक रचलेल्या, आणि सांधे जोडताना लावायच्या टाकणखाराचा कोरडा वास. भिंगासारखा जाड चष्मा लावलेला मालक गादीवर बसलेला. आबांनी सांगितलं की नव्यानं शिकायचंय. मालकानं लगेच एक लाल पेटी पुढं केली आणि म्हणाला, ‘‘पावणं, सेटच घ्या की. समदं हाय ह्यात.’’

आबांनी पेटी उघडली, एकेक हत्यार बाहेर काढून गादीवर मांडलं आणि बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी मालकाला विचारलं की ह्यातलं हे आणि हे, दोन्ही एकच काम करतात ना. मालक हो म्हणाला. मग हे? तेही तसंच, जरा लांब तोंडाचं. आबांनी पेटी बंद करून परत दिली. त्यांना सुटी हत्यारं हवी होती, आणि जेवढ्यावाचून अडेल तेवढीच.

पहिल्यांदा पक्कड निघाली. नेहमीची, आतून दाते असलेली. आबांनी तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि ती बाजूला ठेवली. ‘‘हिला दात हायत. तारंला चावंल.’’

‘‘चावल्याबिगर धरनार कशी, पावणं?’’

‘‘धरायला चावाय लागत न्हाय,’’ आबा म्हणाले.

मालकानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून आतल्या फळीवरून गुळगुळीत तोंडाच्या पकडी काढल्या. आबा एकेक घेऊन दारात जात, तोंड मिटवून उजेडाकडे धरत. दोन जबड्यांमधून उजेड दिसला की ती बाद. गोल तोंडाची पक्कड, जिच्यावर तारेची कडी वळवायची, ती त्यांनी डोळे मिटून बोटांवर फिरवून घेतली. तार तोडायची कातर त्यांनी स्वतःच्या मिशीच्या एका केसावर तपासली. हातोडीच्या तोंडावर त्यांना स्वतःचा चेहरा दिसायला हवा होता. तिच्यावर एवढासा चरा असला तरी तो पत्र्यावर उमटणार, हे त्यांचं म्हणणं मालकालाही पटलं. चिमट्याची पाळी आली तेव्हा आबांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात मावशींच्या डब्यातली मोहरी होती. गादीवर मोहरी सांडून ते एकेका चिमट्यानं एकेक दाणा उचलू लागले. घसरली की दुसरा चिमटा. मालक आणि मी दोघंही वाकून पाहत होतो. तोवर मागं दोन कारागीर येऊन थांबले होते, आणि तेही पाहत होते.

दुपार झाली. मालकानं जेवणासाठी शटर अर्धं खाली ओढलं, पण आम्हाला बाहेर काढलं नाही. उलट स्वतःच्या डब्यातली चटणी-भाकरी पुढं केली. जेवता जेवता त्यानं गॅसची बंदूक घ्यायला सुचवलं, डाख द्यायला सोपी जाते म्हणून. डाख म्हणजे दोन तुकडे जोडायला वितळवायचा मऊ धातू. आबांना गॅस नको होता. कारखान्यात त्यांनी त्याची आग फार पाहिली होती, नखाएवढ्या पानाला ती कशाला. त्यांनी जुन्या पद्धतीची पितळी फुंकणी घेतली, टोकाला वाकलेली, दिव्याची ज्योत तोंडानं फुंकून कामावर वळवायची. मग थोडा टाकणखार, थोडी लाख, आणि सरावाला तांब्याची तार आणि पत्रा. पिशवी भरली तरी तळाशीच राहिली. निघताना मालकानं न राहवून विचारलं, ‘‘तुमी सोनार काय?’’

‘‘न्हाय,’’ आबा म्हणाले. ‘‘नवरा हाय.’’

घरी आल्यावर मावशींनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या की एवढ्यासाठी दिवस घालवला होय. कशासाठी आणलंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. पण तांब्याचा पत्रा हातात घेऊन त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. नंतर मोहरीचा डबा उघडून, पुडीतली उरलेली मोहरी त्यांनी निवडून परत आत टाकली.

पुढच्या काही वर्षांत त्या घरात काय चाललं होतं हे सांगायला गेलं तर फार थोडं आहे. जिन्याखाली एक पाट, त्यावर एक छोटी ऐरण, समोर दिवा. आबा सकाळी पाळीवर जावं तसं तिथं जाऊन बसत. मी त्यांना पानं काढून द्यायची आणि ते माझी चित्रं नाकारायचे. माझा मासा त्यांना फार हुशार वाटला. माझा वाघनखाचा नमुना त्यांनी मांजराचा ठरवला. शेवटी ठरलेल्या माशावरून त्यांनी पहिलं पान ठोकलं. ते कोल्हापुरी चपलेसारखं दिसत होतं. मावशींनी ते तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘दुसऱ्या पायाची बी करा आता.’’ आबा त्या दिवशी जेवायला उशिरा आले.

खरी अडचण आगीची होती. पानाच्या पाठीला पत्रा आणि वर ओवायची कडी जोडायची तर ज्योत एकसारखी लागायला हवी. आबांचा श्वास तुटायचा. कारखान्यातल्या धुरळ्यानं छाती आधीच अर्धी झालेली. फुंकता फुंकता खोकला यायचा आणि ज्योत विझायची, नाहीतर कडी घरंगळून जायची. अनेक दिवस ते हेच करत होते. एका दुपारी मी शाळेतून आले तर मावशी आबांना ढकलून पाटाशेजारी बसत होत्या.

‘‘आना हिकडं. सोळा वर्साची होतो तवापास्नं चूल फुंकलीय. मी फुंकतो.’’

त्यांनी फुंकणी तोंडात धरली. गाल फुगले, आणि ज्योत सुईसारखी बारीक होऊन, न हलता, पानावर जाऊन टेकली. मावशी नाकानं श्वास घेत होत्या आणि तोंडानं सोडत होत्या, मधे खंड नाही. आबांनी चिमट्यानं कडी धरली. डाख पाण्यासारखा चमकला आणि फटीत पळाला. आबांनी हात वर केला, मावशींनी फुंकणं थांबवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघंही पानाकडेच पाहत होते. मी जिन्यात उभी होते, हातात चपला. वर जायचं तर त्यांच्या अगदी जवळून जावं लागलं असतं, म्हणून तिथंच थांबले.

त्यानंतर ते काम दोघांचं झालं. स्वयंपाक आटपला की मावशी पदर खोचून जिन्याखाली यायच्या. कामावर दोघांची भांडणं चालायची, बहुतेक ज्योत कुठं लागायला हवी यावरून. पानं हळूहळू बरी होऊ लागली. चंद्र चंद्रासारखा, शंख बराचसा शंखासारखा. आबांचा बेत साधा होता. तांब्यावर हात बसला की ही सगळी पानं भंगारात आणि मग सोनं. पण पान जमलं असो की बिघडलेलं, मावशी ते उचलून न्यायच्या. एक दिवस जेवताना पाहिलं तर काळ्या दोऱ्यात ओवून सगळी त्यांच्या गळ्यात. चपलेसारखा मासासुद्धा. मग प्रत्येक नवं पान त्या दोऱ्यात जायचं.

आबांना ते आवडलं नाही. लोक हसतील म्हणाले. मावशींनी हसू देत म्हटलं. तांब्यानं त्यांच्या गळ्यावर हिरवट कडं उमटायचं. त्या अंघोळीच्या वेळी चिंच लावून गळाही घासायच्या आणि साजही. लग्नाकार्याला त्या तोच घालून जायच्या, आणि कुणी विचारलं तर मोठ्या आवाजात सांगायच्या की मालकांनी केलाय. एकदा माझ्यासमोर आबांनी त्यांना समजावलं की सोन्याचा होईपर्यंत थांब, ही नुसती सरावाची पानं आहेत. तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘‘सोन्याचा झाला की जाईल कपाटात. ह्यो गळ्यात हाय.’’

आबा त्यावर रुसले. काही दिवस जिन्याखाली दिवा लागला नाही. मग पुन्हा लागला. सोनं त्यांनी घेऊन ठेवलं होतं, पण प्रत्येक वेळी तांब्यात काहीतरी थोडं कमी वाटायचं आणि पुढचा महिना ठरायचा. मला कधी कधी वाटायचं, त्यांना घाई नव्हतीच. दिवा, पाट, शेजारी गाल फुगवून बसलेली मावशी. ते संपवावं असं कुणाला वाटलं असतं? मलाही वाटत नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी दोन वेळा तारीख पुढं ढकलायला लावली, कारणं सांगितली शाळेची.

लग्न होऊन मी सांगलीला गेले. नवं शतक लागल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात फोन आला. मावशींना दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी गेल्या. मी पोचले तेव्हा बायका त्यांना न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवत होत्या. सवाष्ण गेल्या म्हणून मळवट भरला होता. नाकातलं, कानातलं काढून घेतलं होतं. एक नातेवाईक बाई गळ्यातल्या दोऱ्याला हात घालून म्हणाली की हे काय तांब्याचं, काढून टाकू या. आबा दारात उभे होते. ते आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, ‘‘ते ऱ्हाऊ दे.’’ बाईनं हात मागं घेतला.

रक्षाविसर्जनाचं मला त्यांच्या जावयानं सांगितलं. पंचगंगेच्या घाटावर राख सावडताना आबा खाली बसले आणि बोटांनी एकेक पान शोधू लागले. तांबं वितळलं नव्हतं. काळी पडलेली, आतली लाख जळून पोकळ झालेली पानं. डाख सुटून कड्या निराळ्या झाल्या होत्या. आबांनी प्रत्येक पान फुंकून पाहिलं, उलटून पाहिलं, कडी जिथं होती त्या जागेवर नख फिरवलं. बाकीचे लोक थांबून राहिले. जावयाला वाटलं, ते घरी न्यायची म्हणत असतील, म्हणून त्यानं रुमाल पुढं केला. आबांनी तो घेतला नाही. सगळी पानं राखेत परत ठेवली आणि राखेबरोबर पाण्यात सोडली. ‘ती तिची हायत,’ एवढंच आबा बोलले, असं जावई म्हणाला.

त्यानंतर मी आबांना एकदाच भेटले. दोन-अडीच वर्षांनी असेल. कोल्हापुरात काही काम होतं, ते लवकर उरकलं, आणि पाय आपोआप मंगळवार पेठेकडे वळले. माडीवर नवे भाडेकरू होते. वरून टीव्हीचा आवाज येत होता. जिन्याखाली पाट भिंतीला टेकवून उभा केलेला. आबा वाळले होते, पण ताठ होते. त्यांनी स्वतः चहा केला, साखर विसरले, आणि दोघांनी तो तसाच प्यायला. माझ्या शाळेचं विचारलं. चंदगडच्या एसटीचं विचारलं, अजून तशीच भरून जाते का म्हणाले. मी बोलत होते आणि सारखं वाटत होतं की आत्ता आतून मोठ्यानं कुणीतरी विचारील, जेवूनच जायचं हाय न्हवं.

सोन्याचा विषय मीच काढला. ते कपाटात तसंच होतं. मी म्हटलं, आबा, आता तुमचा हात बसलाय. लेकीसाठी करा की एक साज. तिला केवढा आनंद होईल.

आबांनी मान हलवली. मुलीनंही तेच विचारलं होतं म्हणाले. तिला ते सोनं तसंच दिलं तर ती गुजरीतून तिच्या मनासारखा करून घेईल, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

‘‘तुम्ही का नाही?’’ मी विचारलं.

आबा कपातला गाळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘साज गळ्यावर बसवाय लागतोय, बाई. कुटं वळतोय, कुटं टेकतोय, ते बघून पान ठोकायचं. लेकीचा गळा मला ठावं न्हाय. मला एकच गळा येत हुता.’’

आणि त्यांनी कप खाली ठेवून एका बोटानं हवेत वळण काढलं, दोन्ही बाजूंनी उतरत येऊन मधे टेकणारं. काढून झाल्यावर त्याकडे पाहिलं. मग मान जरा तिरकी करून, तेच वळण पुन्हा काढलं, किंचित खाली.